डावी बाही

आरमोरीत आमचं शिलाईचं दुकान होतं. घरी आम्ही हिंदी बोलायचो, पण मशीनवर बसलं की अब्बा माझ्याशीही इथलंच मराठी बोलायचे. गिऱ्हाईक कोण आणि लेक कोण हे यांना कळत नाही, असं अम्मी चिडवायची.

पहिल्या वेळी त्यांच्या डोक्यातली गाठ नागपूरला कवटी उघडून काढली. घरी आल्यावर आरशात टाके बघून म्हणाले, "शिलाई बरी हाये, पण धागा जाडा वापरला डॉक्टरनं." आम्ही हसलो. दवाखान्यातून निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की ही गाठ परत येते. चालण्यात, कामात जरा जरी फरक दिसला तर लगेच या. लहान असताना सापडली तर कवटी उघडायला नको. बारीक छिद्रातून लेझरची तार आत घालून गाठ जाळायची, असा नवा उपाय मुंबईत करून बघताहेत. मोठी झाली तर तो रस्ता बंद.

फरक मला दिसला. पोळ्यानंतर एका शर्टाची डावी बाही नुसती टाचून ठेवलेली होती, उजवी मात्र एकदम सुबक शिवलेली. थकले असतील म्हटलं. मग दुसरा शर्ट. मग एका मास्तरांच्या पँटचा डावा खिसा. मला कळलं नव्हतं असं नाही, चांगलं कळलं होतं. पण लग्नाचा कोट शिवायला लोक सिंदेवाहीहून अब्बांकडे यायचे, आणि ऑपरेशननंतर 'आता याच्या हाताचा काय भरवसा' म्हणणारेही होतेच. कोणी तोंडावर कापड फेकलं असतं तर ते तिथंच खचले असते. म्हणून दुपारी ते जेवून आडवे झाले की मी डाव्या बाजू शिवून टाकायची. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

दिवाळीनंतर तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "काम कसं चाललंय?"

"फर्स्ट क्लास," अब्बा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग डोक्याचा फोटो पुढच्या वेळी काढू म्हणाले.

उन्हाळ्यात अब्बांना फिट आली. या वेळी फोटो काढला. तो उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, लेझरचं आता काही खरं नाही, गाठ फार मोठी झाली. "आधी काहीच दिसलं नव्हतं का?"

परतताना एसटीत अब्बा खिडकीशी बसले होते. ब्रह्मपुरी गेल्यावर म्हणाले, "डाव्या बाह्या तूच शिवत होती ना? तुझा टाका मले वळखू येत नाई का?"

"मग डॉक्टरले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"तू एवढ्या मेहनतीनं झाकून राह्यली होती. चारचौघांत तुले तोंडघशी कशी पाडू?"

मला रडू आलं नाही, संताप आला. त्यांचा आला, माझा त्याहून जास्त आला. आम्ही बापलेक एकमेकांची लाज राखत बसलो आणि गाठ आत वाढत गेली.

पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही. कफनाला शिलाई नसते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी अम्मी कापड घेऊन आली तेव्हा मी सुईत दोरा ओवून बसले होते. तिनं माझ्या हातातून सुई काढून घेतली.