निषिद्ध घोषणांची यादी

जयपूरला राहून जयपूरच्याच मैदानावर बाहेरगावचे प्रेक्षक म्हणून बसण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. मला तो मिळाला. घरापासून स्कूटरवर वीस मिनिटांचा रस्ता आणि तिकिटावर छापलेलं: पाहुण्या संघाचे समर्थक. कोल्हापूरचा एक फुटबॉल संघ इथल्या संघाशी खेळायला येणार होता. मी जन्माने कोल्हापूरची, त्यामुळे मी कोणत्या बाजूला बसायचं हा प्रश्नच नव्हता. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने कुठे बसायचं हा प्रश्न होता, पण तो मी तिला विचारला नाही. मुळांचा विषय आला की लहान मुलांना विचारत नसतात.

ही माझ्या दादाची मुलगी. दादा बँकेत अधिकारी, बदली होत होत जयपुरातल्या जगतपुऱ्यात येऊन टेकलेला. मी त्याच्याकडे राहते आणि सीतापुऱ्यातल्या एका निर्यात कंपनीत कपड्यांच्या लेबलांवरचा मजकूर तपासते. कोमट पाण्यात धुवा, उलटं करून इस्त्री करा. कोणी वाचत नाही, पण चूक असलेली मला चालत नाही.

भाची गोलकीपर आहे. दर रविवारी सकाळी ती जगतपुऱ्यातल्या मैदानावर शिकायला जाते आणि तिला शिकवणारे सर हे इथल्या संघाचे गोलकीपर. म्हणजे ज्या संघाविरुद्ध आमचा संघ खेळणार होता, त्याचेच. तिने मला दोनदा सांगून पाहिलं, “आत्या, आपण सरांच्या साइडला बसू या ना.” मी तिला कोल्हापूरच्या फुटबॉलबद्दल सांगितलं. तिथे पेठेपेठेचा संघ असतो, तालमीतालमीचा झेंडा असतो, मॅचच्या दिवशी अर्धं गाव उन्हात उभं असतं. दगडांबद्दल मी सांगितलं नाही. ते दादाच्या डाव्या भुवईवर टाक्यांच्या स्वरूपात उपलब्ध होतं.

त्या टाक्यांमुळेच दादा आधी नाही म्हणाला. मग वहिनी मध्ये पडली, मग मी भाषण केलं, मग तो म्हणाला, “ने. पण एक सांगतो. तिथं भांडण झालं किंवा ही एक जरी शिवी शिकून घरी आली, तर रविवारचं शिकणं बंद. मग रडायचं नाही.”

हे तो माझ्याकडे बघून बोलला, पण रंग भाचीच्या तोंडाचा उडाला.

“लोक सुधारलेत आता,” मी म्हटलं.

“कुणी सुधारलं?”

“मी सुधारते.”

सुधारण्याचं एकच साधन आमच्या घरात माहीत होतं: पत्रक. बाबा युनियनचं काम करायचे. आमच्याकडे जेवणाआधी ताटं नाही मांडायचे, पत्रकांच्या घड्या घालायचे. मी अक्षरं शिकले ती ‘धिक्कार’मधल्या ध पासून. बाबांचं म्हणणं असायचं की मोघम लिहिणारा माणूस मालकाचा मित्र असतो. ज्याचा निषेध करायचा ते स्पष्ट लिहा, क्रमांक घाला, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हतं. दादाही त्याच घरात वाढला. तो बँकेत अधिकारी झाला. प्रत्येक चळवळीत काही नुकसान होतंच.

जयपुरातल्या कोल्हापूरकरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात बँका आणि विम्याची कुटुंबं, कॉम्प्युटरवाली पोरं, सीतापुऱ्यातले सुपरवायझर, सगळे आहेत. एरवी तिथे मसाला कोण आणतंय एवढीच चर्चा असते. मी लिहिलं की या वेळी मुलाबाळांसह जाऊ या, सभ्य प्रेक्षक कसे असतात ते दाखवू या. सतरा अंगठे आले. एका सुपरवायझरने दोन अंगठे पाठवले. मी त्याला समर्थन समजले.

मग मी पत्रक लिहिलं. वरच्या अर्ध्या भागात मुलांचे हक्क, पाहुण्यांची कर्तव्यं, खेळाडू हाही कामगार आहे, वगैरे. तो भाग मला अजूनही चांगला वाटतो. खालच्या अर्ध्या भागात ठळक अक्षरांत: या मैदानावर पुढील घोषणा दिल्या जाणार नाहीत. आणि त्याखाली एक ते सात. पूर्ण. शब्दशः. यमकासकट. लहानपणी मैदानाच्या भिंतीबाहेरून ऐकलेल्या सगळ्या आठवून लिहिल्या, जिथे शब्द अंधूक होता तिथे ताल मोजून नक्की केला. फुल्या मारणं मला भित्रेपणाचं वाटलं. त्या सात ओळी इथे देत नाही. एकदा दिल्याचं काय झालं तेच सांगते आहे.

स्टेशनजवळच्या छपाईवाल्याने मजकूर निरखून पाहिला. मराठी त्याला येत नव्हती, पण अक्षरं ओळखीची होती. “एक से सात. भजन है, दीदी?”

“नियम हैं,” मी म्हटलं.

“लय में हैं,” तो कौतुकाने म्हणाला.

मॅच शनिवारी दुपारी होती. गेटवर आमची कसून तपासणी झाली. भाचीची पाण्याची बाटली काढून घेतली, कारण बाटली फेकता येते. पाठीमागच्या माणसाच्या गळ्यात हलगी होती, ती जाऊ दिली, कारण ती फक्त वाजवता येते. आत पोचल्यावर तशाच बाटल्या विकायला होत्या. त्या विकत घेतलेल्या असल्यामुळे कोणी फेकणार नाही, असा प्रशासनाचा विश्वास असावा.

मी पत्रकं वाटली आणि आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की एकही पत्रक खाली पडलेलं दिसलं नाही. लोक वाचत होते. शेजाऱ्याला दाखवत होते. विम्यातले एक काका चष्मा वर करून म्हणाले, “छपाई सुरेख झालीय हो.” आणि मुलं. इथेच वाढलेली, घरी हिंदीत भांडणारी, मराठी वाच म्हणून ज्यांच्या आयांनी वर्षानुवर्षं डोकं आपटलं, ती सगळी मुलं ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. वरचा अर्धा भाग नाही.

हलगीवाला माझ्यापर्यंत आला. “ताई, चौथी आम्ही इसरलोच हुतो बघा. बरं झालं लिहून दिलंसा.”

“ती द्यायची नाही म्हणून लिहिलीय.”

“व्हय, वाचलं की,” तो म्हणाला आणि हलगी तापवायला उन्हात गेला.

पहिल्या अर्ध्या तासात पद्धत बसली. कोणीतरी क्रमांक ओरडायचा, हलगी दोन ठोके द्यायची आणि सगळा स्टँड ती ओळ एका सुरात म्हणायचा. “दोन.” “सहा.” पुन्हा “दोन.” ज्यांना पाठ नव्हती ते कागदावर बघून म्हणायचे. इतकी शिस्त मी बाबांच्या कोणत्याही मोर्चात पाहिली नव्हती. मी वाकून वाकून लोकांना समजावत होते आणि ते मला खाऊचे पुडे देत होते.

भाची कागद हातात धरून गप्प बसली होती. तिला अर्थ कळत नव्हता आणि विचारायची भीती वाटत होती. विचारलं तर शिकल्यासारखं होईल, हे तिचं गणित. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तिचे सर आमच्या समोरच्या गोलमध्ये येऊन उभे राहिले. आमच्यापासून त्यांची पाठ इतकी जवळ की शर्टवरचा घाम दिसत होता.

“चार,” कोणीतरी ओरडलं.

ओळ संपल्यावर भाचीने विचारलंच. “आत्या, हे सरांना म्हणतात का?”

“हो.”

“मतलब काय?”

मी म्हटलं, आईबद्दल वाईट आहे.

तिने हातातला कागद उलटा केला. मग म्हणाली, “सरांची मम्मी ग्राउंडवर येते. आम्हाला केळी देते. तू थांबव ना यांना. तूच दिलंयस ना ते लिहून.”

मी बाकावर उभी राहिले. सुरुवात चांगली केली होती. “मित्रहो, ज्या माणसाला आपण,” एवढं झालं आणि मागून आवाज आला, “ताई, बसा खाली. कॉर्नर दिसंना.” मी बसले नाही. म्हणून आवाज वाढले. त्या गडबडीत दोन अंगठेवाल्या सुपरवायझरने हातातली अर्धी भरलेली बाटली फिरवून फेकली. ती जाळीवरून गेली आणि सरांच्या मानेवर बसली.

ते वळलेही नाहीत. मान चोळली आणि कॉर्नरकडे बघत राहिले. रेफरीनेही पाहिलं नाही.

भाची माझ्या शेजारच्या बाकावर चढली. सुपरवायझर दोन ओळी वर होता. तिने त्याच्याकडे तोंड केलं आणि चौथी ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्याला म्हणून दाखवली. एकही उच्चार चुकला नाही. घरी जिला ‘मी जेवले’ म्हणताना अडखळायला होतं, तिने ती ओळ अस्सल पेठेतल्यासारखी दिली.

आधी सगळ्यांनी माना वळवल्या. मग हसू फुटलं. “आरं, वाघीण हाय ही.” “कुणाची पोरगी?” हलगी वाजली. ज्याला शिवी दिली तोच सुपरवायझर खाली आला, प्रेमाने तिला उचललं आणि खांद्यावर बसवलं. तिने त्याच्या डोक्यावर मुठी मारल्या. त्याला तो ठेका वाटला असावा. तो नाचायला लागला. सगळा स्टँड पुन्हा चौथी म्हणू लागला, आता तिच्या सन्मानार्थ.

तेव्हा सर वळले. आपली शिष्या पाहुण्यांच्या स्टँडमध्ये, बाटली फेकणाऱ्याच्या खांद्यावर, हात उगारलेली. त्यांनी पाहिलं, तिनेही पाहिलं की त्यांनी पाहिलं. तेवढ्यात पुढचा कॉर्नर आला आणि आमच्या एका उंच खेळाडूने डोक्याने बॉल जाळ्यात घातला.

तो गोल स्टँडने तिच्या नावावर लिहिला. तिला चॉकलेटं दिली. ती रडत होती, तर लोक म्हणाले आनंदाने रडतेय. मॅच आम्ही एका गोलने जिंकलो. सभ्य प्रेक्षकांचा विजय.

ती घरी यायला तयार नव्हती. “मी सरांना सांगते, मी त्यांना नाही म्हटलं.” म्हणून आम्ही खेळाडूंच्या दारापाशी उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने सर आले, मानेवर बर्फाची पिशवी धरून.

“तू उधर क्यों बैठी थी?” त्यांनी विचारलं.

“आत्याने बिठाया.”

मी मान हलवली.

“सर, वो मैंने आपको नहीं बोला. उन अंकल को बोला, जिन्होंने बोतल मारी.”

“क्या बोला?”

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती. मी एक काढून दिलं. तोंडाने म्हणण्यापेक्षा ते सोपं वाटलं. त्यांनी ओठ हलवत वाचलं. “हाँ, ये चार नंबर वाली. ये तो पूरा टाइम चल रही थी. मतलब क्या है?”

मी मतलब सांगितला. हिंदीत तो मराठीपेक्षा वाईट वाटतो.

ते हसले नाहीत. कागद घडी करून मला परत दिला. “किसने छपवाया?”

“मैंने. रोकने के लिए.”

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “मैंने पीछे देखा, इसलिए गोल खाया. गलती मेरी. कॉर्नर के टाइम पीछे नहीं देखते, कोई कुछ भी बोले. कल यही करेंगे. साढ़े छह बजे.”

स्कूटरवर मी घरी काय सांगायचं ते जुळवत होते. परिस्थिती, वर्गीय संताप, झुंडीचं मानसशास्त्र. दार उघडताच भाची म्हणाली, “बाबा, मी एक शिवी दिली. बडी वाली.”

दादाने टीव्ही बंद केला. “कुठून शिकलीस?”

ती माझ्याकडे बघत नव्हती. नाव घ्यायचं नाही म्हणून ओठ दाबून उभी होती. मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. तो कर्जाची कागदपत्रं वाचतो तसं त्याने ते वाचलं, वरचा भागही वाचला. तेवढा तो एकटाच.

“सहावी चुकलीय,” तो शेवटी म्हणाला. “आमच्या वेळी अशी नव्हती.” आणि वहिनीने त्याच्याकडे पाहिल्यावर घसा साफ केला.

मग त्याने भाचीला सगळं विचारलं आणि तिने सगळं सांगितलं. बाटली, बाक, खांदा, सर, बर्फ. मी एकदोनदा मुद्दा मांडायचा प्रयत्न केला. त्याने हात वर केला.

“सरांना कुणी सांगितलं?”

“मीच,” भाची म्हणाली.

“आणि ते काय म्हणाले?”

“कल साढ़े छह बजे.”

तो डावी भुवई चोळू लागला. “ठीक आहे,” म्हणाला. “ज्यांच्या आईवरनं बोलले तेच बोलवतायत, तर मी कोण बंद करणार. तू जा. पण आत्याबरोबर मॅच बंद.”

“हे कोणत्या तत्त्वावर?” मी विचारलं.

“उरलेली पत्रकं दे इकडं,” तो म्हणाला.

मी दिली. भाची आत जाऊन हातमोजे शोधत होती. सकाळी लवकर उठायचं होतं. एरवी शनिवारी रात्री गजर लावायला ती मला सांगायची. त्या दिवशी बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि दादाला म्हणाली, “बाबा, साडेपाचचा लाव. आणि तूच चल.”