विमोचनाआधी उघडलेलं पुस्तक

दीक्षा,

रायपूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून माझ्या मागे लागलेत. तुला माहीत असलेलंच तुला सांगते आहे, कारण बाकीच्यांना ते माहीत नाही. मधे बोलू नकोस.

तू रेल्वेतल्या गुलाबरावांची पोट्टी. माझ्याकडे संख्याशास्त्र शिकलीस आणि मी निवृत्त झाल्यावर त्याच विभागात शिकवायला लागलीस, तेही अतिथी व्याख्याता म्हणून. दर जूनला नवी नेमणूक. पहिल्याच वर्षी रडकुंडीला येऊन माझ्या घरी आलीस. "काकू, सगळे गाइड पाठ करून राहिले. त्यात उदाहरणं म्हणजे शेअर बाजार है, मेट्रो है. समझ में किसी को कुछ नहीं आता."

"मग तू लिही," मी म्हटलं. सहानुभूती दाखवत बसायला मला वेळ नसतो.

लिहिलंस. सोप्या हिंदीत, मोबाइलवर वाचता येईल असं. सरासरीसाठी नव्या रायपूरची बस घेतलीस: चार दिवस वेळेवर, पाचव्या दिवशी दुपार उलटली तरी पत्ता नाही. सरासरी काढून घराबाहेर पडणाऱ्याचं काय होतं, हे पोरांना सांगावं लागत नाही. ती त्याच बसने येतात. नमुना कसा निवडायचा, यासाठी उरला या कारखान्यांच्या भागातल्या गच्च्यांवर थाळ्या ठेवून धूळ गोळा करायला लावलीस. आणि पहिल्याच पानावर लिहिलंस, की हे कुणीही फुकट घ्यावं, वाटावं, बदलावं. मूळ लिहिणाराचं नाव तेवढं ठेवावं.

प्राचार्यांना पुस्तक फार आवडलं. इतकं, की त्याला कुलूपच लावलं. "विमोचन होईपर्यंत कॉलेजच्या साइटवर बंद राहील." पाहुणे मोठे, त्यांची तारीख मिळेना. दिवाळीनंतर म्हणाले, मग नाताळानंतर. इकडे परीक्षा तोंडावर आलेली. ज्या पुस्तकाला कागदच नाही, त्याची फीत सुटायची वाट पाहत पोरं बसलेली!

"काकू, मी लिंक देऊन टाकली तर? जूनमधे नेमणूक तर सरच करतात."

"घाबरतेस?"

"हव."

"मग नीट घाबरून घे, चहा पी आणि ठरव. मले विचारू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा निरोप आला: "खोल दिया." कॉलेजच्या साइटवर नाही, तुझ्या स्वतःच्या पानावर.

प्राचार्यांनी बोलावलं. "विमोचन के पहले किताब बाहर कैसे गई?"

तू म्हणालीस, "सर, परीक्षा भी विमोचन के पहले है."

हे वाक्य मी ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवलं आहे. काहींना दोनदा.

फेब्रुवारीत विमोचन झालं एकदाचं. फोटोसाठी हातात धरायला काहीतरी हवं, म्हणून कुणीतरी चमकी कागदात गेल्या वर्षीची प्रवेश-पुस्तिका गुंडाळली होती. पाहुण्यांनी फीत सोडली आणि ती पुस्तिकाच उंच धरली. पहिल्या रांगेत मी मोठ्यांदा हसले. पाहुणे गोंधळून म्हणाले, "अच्छा, किताब पढ़ी किस-किस ने है?" सभागृहभर मोबाइल वर झाले. मागच्या रांगेपर्यंत. मी मान वळवून पाहिलं आणि पाहतच राहिले.

जूनमधे नेमणूक मिळाली. नसती मिळाली तरी मी हेच लिहिलं असतं.

आता जगदलपूरच्या कुणा बुद्धभूषण सरांनी तुझी बस काढून तिथे आठवडी बाजार घातला आहे. मी चिडले. "काहून हात लावू दिला?" तू खुशीत. "काकू, बदलने के लिए ही तो दिया है. बाजारवाला उदाहरण मेरे से अच्छा है!" वाचलं. चांगलं आहे, मेलं.

फक्त एक काम राहिलं. मोबाइलवरची अक्षरं माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत, म्हणून मी तुला म्हटलं होतं, पुरानी बस्तीतल्या झेरॉक्सवाल्याकडून एक प्रत छापून, बाइंड करून आण. "आणते काकू," म्हणालीस. मग म्हणे तिसरा धडा बदलतो आहे. मग पाचवा. परवा आलीस, पपई घेऊन आलीस. प्रत नाही.