कमानवाल्याची उंच खुर्ची

माझा धाकटा भाऊ पायांचा डॉक्टर आहे. नुसता डॉक्टर नाही, शोधकसुद्धा. तळव्याच्या खळग्याला टेकू देणारी, बुटात सरकवायची एक कमान त्याने शोधली आणि तेव्हापासून सगळे त्याला कमानवाला म्हणतात. त्याच्याआधी इथे पाय दुखला तर लोक तो गरम पाण्यात बुडवून बसायचे. पायांसाठी वेगळा दवाखाना त्यानेच पहिल्यांदा काढला, हे मान्य. पण बाकीचं त्याच्या भिंतीवरच्या मानपत्रांत लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगते.

आमचे बाबा बूट शिवायचे. माप घ्यायची त्यांची रीत ठरलेली. गिऱ्हाइकाला कागदावर उभं करायचं, आपण जमिनीवर मांडी घालून बसायचं, पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि मग आतल्या बाजूने तळव्याखाली दोन बोटं सरकवून खळगा जोखायचा. कुणी म्हणालंच, बसून माप दिलं तर नाही का चालणार, तर बाबा विचारायचे, "का? बसून चालणार आहात का तुम्ही?"

धाकट्याला या सगळ्याची भारी लाज. शाळेतून येताना दुकान टाळायला मागच्या गल्लीने वळसा घालायचा. "मी नाही बसणार कुणाच्या पायाशी," म्हणायचा. आणि एवढं करून साहेबांनी धंदा कुठला निवडला, तर पायांचा. आता बोला.

मी इस्पितळाच्या धोबीखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले, म्हणून तो शिकला. डॉक्टर झाल्यावर त्याने आधी काय केलं असेल, तर एक खुर्ची बनवून घेतली. ही एवढी उंच. पेशंट वर बसला की त्याचा पाय डॉक्टरांच्या छातीशी यायचा, म्हणजे यांना वाकायला नको. पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाने आधी दोन पायऱ्या चढायच्या. मग हे टाय नीट करून त्या लोंबत्या पायाला प्लास्टर थापणार आणि त्या साच्यावरून कमान करणार. अरे, हवेतला पाय आणि भार घेतलेला पाय एक असतो का? बाबांच्या दुकानातल्या मांजरालाही हे कळलं असतं. कमान टोचते अशी तक्रार आली की म्हणायचा, "सवय होईल." पांढऱ्या कोटापुढे बोलणार कोण?

पहिली कमान माझीच. सात महिने घातली. तळव्याखाली लिंबू ठेवून चालल्यासारखं वाटायचं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "ताई, कमान बरोबर आहे. तुझा पाय चुकीचा आहे."

मी ती कपाटात टाकली. बाबांची चामडं टोचायची आरी काढली, कागदावर उभी राहिले, वाकून स्वतःच दोन बोटं सरकवली आणि चामड्याचे थर कापून, शिवून माझी कमान मीच केली. पाय निवले. धाकट्याला मात्र बोलले नाही. इतकी वर्षं उभं राहिल्याचं चीज झालं नाही, हे माझं मलाच कबूल करायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात त्याच्या दवाखान्याला तीस वर्षं झाली. बाहेरून डॉक्टर आले, सभा भरली. त्याने मला व्यासपीठावर चढवलं. "ही माझी पहिली पेशंट. तीस वर्षं माझ्या कमानीवर उभी आहे." मला इकडून तिकडे चालवलं. टाळ्या पडल्या. तेवढ्याने भागेना. म्हणाला, "ताई, बूट दे." वाकायचं मीच, अर्थात. मी बूट काढून दिला. त्याने आत हात घातला आणि कमान बाहेर ओढली.

चामड्याची. कडेने मेण लावलेल्या दोऱ्याची दुहेरी शिवण, थेट बाबांची. ती शिवण तो विसरणं शक्यच नव्हतं. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल.

त्याने ती उंच धरली. "ही माझी पहिली कमान." पुन्हा टाळ्या. मग त्याने ती खुशाल कोटाच्या खिशात घातली. मी तशीच लंगडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्याने दवाखान्यात बोलावलं. मी माझी वस्तू परत घ्यायला गेले. त्याने दाराला कडी लावली, पडदा ओढला, जमिनीवर कागद पसरला आणि कोटासकट खाली मांडी घातली. उतारवयात. गुडघे कडाकडा वाजले.

"उभी राहा, ताई. बाबा दोन बोटं नेमकी कुठे सरकवायचे?"

हे बघून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला.

"दार उघड, मग सांगते."

"बाहेर पेशंट बसलेत."

"म्हणूनच."

तो दाराकडे बघत राहिला. उठला नाही. मी टेबलावरची माझी कमान उचलली, बुटात घातली, नाडी बांधली आणि कडी काढून दार सताड उघडलं. बाहेर सातआठ जण बसले होते, सगळ्यांच्या बुटात याची कमान. सगळ्यांनी आत बघितलं. डॉक्टर जमिनीवर.

पहिल्या खुर्चीवरच्या म्हातारीने मला विचारलं, "जाऊ का आत?"

"जा," मी म्हटलं. "पण त्या खुर्चीवर चढू नका. उभ्याच राहा."