पंचशीलाची हाळी

पंचशीलाच्या आवाजाबद्दल तक्रार नाही असा माणूस अहमदपुरात शोधून सापडला नसता. ती ज्या दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसायची, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक घंटी आणून दिली होती. पेशंटला हाक मारू नकोस, घंटी वाजव, म्हणे. बघायला पाहुणे आले की आई, पार्वतीबाई, तिला कोपरानं ढोसायची. "हळू बोल गं माय, पळून जातील लोकं." पंचशीला म्हणायची, जाऊ दे पळून, असल्या नाजूक कानांच्यांना घेऊन मी तरी काय करू?

हा आवाज काही तिनं हौसेनं कमावलेला नव्हता. त्यांच्या मूळ खेड्यात टँकर यायचा तो वेशीपाशी उभा राहायचा. बौद्धवाडा ओढ्यापलीकडे. निरोप कुणी द्यायचं नाही, आणि बाया घागरी घेऊन धावत पोचेपर्यंत नळीतून नुसते थेंब गळत असायचे. मग लहानगी पंचशीला सडकेच्या कडेला बाभळीखाली बसायला लागली. वळणावर टँकर दिसला की हाळी द्यायची. ती हाळी ओढा ओलांडून थेट वाड्यात जायची आणि टँकर थांबायच्या आत बाया रांगेत हजर. पोरीनं असं वरडू नये, हे गावातल्या मोठ्या माणसांना तेव्हाच सुचायला लागलं. त्यांचं खरं दुखणं काय होतं ते सांगायला नको. पण पुढं स्वतःच्या आईलाही त्या आवाजाची लाज वाटावी, याचा मात्र पंचशीलाला भयंकर राग यायचा.

त्या साली पुन्हा दुष्काळ पडला होता. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि इकडे चहाच्या टपरीवर नवा जिल्हा होणार का, झाला तर आपण कुठं जाणार, यावर भांडणं चालली होती. प्यायला पाणी नाही, पण जिल्हा कुठला हे ठरलं पाहिजे. अशा दिवसांत रामकिशननं एक नवा खेळ आणला.

रामकिशन तिच्या वर्गातला. पुण्याची नोकरी सोडून परत आलेला, झेरॉक्सचं दुकान टाकलेला. दर रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर खेळ मांडायचा. सोंगट्या नाहीत, पट नाही. कागद, पेन्सिल आणि फासे. रामकिशन गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी आपापला अचाट शक्तीचा वीर रचून त्या गोष्टीत उतरायचं. प्रत्येकाला सारखे गुण मिळतात. त्यातून ताकद घ्या, चिलखत घ्या, उडणं घ्या आणि एक खास वार घ्या. वार महाग वाटला तर त्याला एखादी अट लावून घ्यायची, म्हणजे स्वस्तात पडतो. रामकिशनची गोष्टही तशीच होती. नव्या जिल्ह्याचं शहर वसलंय आणि एका दुष्टानं त्याचं सगळं पाणी कोंडून धरलंय.

मेडिकल चालवणारा मलप्पा भलता हिशेबी. त्यानं आगीचा झोत घेतला आणि अट लावली की अंग ओलं असलं तर झोत चालणार नाही. असल्या दुष्काळात अंग ओलं व्हायला हा काय तीर्थाला जाणार होता? पण रामकिशनच्या हे लक्षात येईपर्यंत मलप्पाचं चिलखतही घेऊन झालं होतं.

"तुझा खास वार?" रामकिशननं पंचशीलाला विचारलं.

"हाळी," पंचशीला म्हणाली. "मी हाळी दिली की समोरचा गडी जाग्यावर बसला पाहिजे."

"लई महाग पडंल. अट घे एखादी. दिवसातून एकदाच चालंल, असं करू."

"न्हाई."

"मग एकदा वरडली की पुढच्या डावाला गप."

"न्हाई म्हणले ना."

"बरं, सोबत्यांनाही लागतो म्हणू. निम्म्यात बसंल."

"माझ्या हाळीनं माझ्या माणसाला कधी लागलं न्हाई, रामकिशन."

मलप्पाला राहवलं नाही. "अगं, सगळे गुण तिथंच घालून राहिलीस. चिलखत न्हाई, उडणं न्हाई. एका धक्क्यात मरशील."

"मरंन. पर अटीवर न्हाई वरडणार." तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला संताप येत होता. "आजवर जो भेटला त्यानं माझ्या आवाजाला अटीच लावल्या. खेळातबी तेच करायचं असंल तर मी कशाला खेळू?"

रामकिशन जरा वरमला. मग म्हणाला, "घे बिनअटीचा. पण किती लांब जातो ते लिहावं लागतंय. गल्लीच्या टोकापर्यंत धरू?"

"गल्लीचं टोक?"

"मग दाखव किती जातो ते."

ती उठून गॅलरीत गेली. खाली उन्हानं गल्ली सामसूम पडली होती. कठड्याला धरून उभी राहिली. किती वर्षांत पूर्ण गळ्यानं हाळी दिली नव्हती. आता अर्धीच निघाली तर? तर ती घंटी जिंकली, पाहुणे जिंकले. तिनं हात तोंडाशी नेला, डोळे मिटले आणि गळ्याला जी एकच हाळी पाठ होती ती बाहेर पडली.

"टँकर आलाऽऽऽ!"

धडाधड दारं उघडली. घागरी, बादल्या, कळशा, एकानं तर पाळण्यातलं पोर आणि रबरी नळी दोन्ही काखेत मारून आणलं. बघता बघता गल्ली भरली. टँकर मात्र कुठंच नव्हता. सगळ्यांनी माना वर केल्या.

"आत ये, आत ये," रामकिशन कुजबुजला. मलप्पा तर टेबलाखाली वाकून फासे शोधत असल्याचं सोंग करत होता.

"पोरगी येड्यात काढून राहिली काय आपल्याला?" खालून एक गडी खेकसला.

पंचशीला आत गेली नाही.

"चुकलं माझं," ती वरूनच म्हणाली. "सवयीनं तोंडातून गेलं. पर तुमच्या घागरी माझ्यामुळं रिकाम्या न्हाईत. टँकर परवा यायचा होता, आज तिसरा दिस. आलाच आहात बाहेर, तर चला, जिथं भरतात तिथं जाऊन विचारू, कुठं गेला म्हणून."

कुणी हललं नाही. ऊन मी म्हणत होतं. दोघं-चौघं घराकडे वळलेही. तेवढ्यात समोरच्या घरातल्या सरजाबाई, गल्लीत वयानं सगळ्यांत थोर, घागर कमरेवर सावरत पुढं आल्या आणि कपाळावर हात धरून वर बघू लागल्या.

"मग थांबलीस कशाला गं?" त्या म्हणाल्या. "अजून एकदा वरड. आणि जरा जोरात. पलीकडच्या गल्लीतलं कुणीच आलं न्हाई अजून."