शेळ्यांचं औषध, माशांच्या टाकीत

सेनगावची जीप डोळ्यादेखत सुटली आणि मी हिंगोलीत अडकलो... तिथून सुरुवात झाली. कॅमेऱ्यात अजून रीळ घालायचे, त्या काळातली गोष्ट. दहावीला शाळेला रामराम ठोकलेला. कधी मोंढ्यात पोती उचलायची, कधी जीपच्या मागं लटकायचं, बाकी नुसतं फिरणं.

दुसरी जीप येईपर्यंत डेपोजवळच्या फोटो स्टुडिओत टेकलो. मालक साठीचे, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कॅमेऱ्याच्या बाजूला काचेची टाकी आणि तिच्यात रंगीत गप्पी मासे. फोटोला बसवलेलं लेकरू रडायला लागलं की चाचा टाकीवर टिचकी मारायचे. लेकरू तिकडं बघत राहायचं, तेवढ्यात फोटो निघायचा.

जीप आली, गेली... मी तिथंच, चाचांच्या हाताखाली. दुकान झाडायचं, पाकिटं पोचवायची, माशांना खाद्य टाकायचं.

रोज तोच कोरडा भुगा खातात बिचारे, असं मला वाटायचं. एकदा घरी, आमच्या तांड्यावर गेलो तेव्हा डबक्यातले बारीक किडे डब्यात भरून आणले आणि टाकीत ओतले. मासे तुटून पडले. चाचा म्हणाले, "काय रे, माशांचं लगीन हाय का आज?" मग मी दर खेपेला आणायला लागलो.

काही आठवड्यांनी एक गप्पी खंगली. तिच्या मागून लाल दोरा लोंबत होता. मला वाटलं शी असेल... पण ती थांबली की दोरा आपोआप आत-बाहेर व्हायचा. जंत होते ते. ती मेली, मग दुसरी, मग तिसरी.

चाचांनी चमचाभर हळद टाकली. हिंगोलीसारख्या हळदीच्या गावात माणूस दुसरं काय करणार? कापलं की हळद, घसा बसला की हळद. टाकी पिवळीधमक झाली, मासे दिसेनात. त्या दिवशी आलेलं लेकरू असं रडलं की त्याचा फोटोच निघाला नाही. जंतांना काही फरक पडला नाही.

चाचा म्हणत होते नजर लागली. मला मात्र कळून चुकलं होतं... हे माझ्या डब्यातून आलं. काही बिघडलं की तिथून सटकायचं, ही माझी जुनी सवय. पिशवी उचलली आणि तांड्यावर आलो.

आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. (ती बोलते आमच्या गोरमाटी बोलीत, मी इथं मराठीत लिहितोय.) पावसाळ्याच्या तोंडावर ती शेळ्यांना जंताचं औषध पाजत होती. मला शेळ्या धरायला लावलं. एक चांगली ठणठणीत शेळी धरली आणि विचारलं, "हिला काहून?"

"जी चांगली दिसते तीच जंत पसरवून राहिली," याडी म्हणाली. "एकीला पाजलं आन दुसरीला सोडलं तर सगळं पाण्यात. आन उद्या लेंड्या झाडायला थांब, पळू नको. जंत खाली पडले की तळ साफ करावा लागतो, न्हाई तर पाजलेलं औषध वाया."

सकाळी झाडू हातात होता आणि डोक्यात गप्पी... त्याच औषधाची बाटली मागितली. याडी म्हणाली, "शेळ्या राखल्या न्हाईस कधी, आता मासे राखायला निघालास?" पण तळाशी उरलेलं औषध दिलं.

हिंगोलीत आधी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. कंपाउंडर आधी खूप हसला. मग टाकीत पाणी किती मावतं ते विचारून, कागदावर हिशोब मांडून थेंब काढून दिले. वर बजावलं, "हे उजेडात टिकत न्हाई, टाकी झाकून ठेव. आन दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा."

राहिलं चाचांना सांगणं. दारातच बोलून टाकलं... किडे मी आणले होते, त्यातून हे झालं. शिव्या पडतील म्हणून मान खाली घातली. चाचांनी टाकीतले उरलेले मासे मोजले. मग म्हणाले, "तर मग दुसऱ्या औषधापर्यंत कुठं जायचं न्हाई. घाण बी तूच काढायची."

औषध टाकलं. चाचांनी डार्करूमचा काळा पडदा काढून टाकीवर घातला. "उजेडानं नासणाऱ्या वस्तू झाकण्यात जिंदगी गेली माझी, हे तर मला बराबर जमतं."

दुसऱ्या दिवशी पडदा काढला तर तळाला लाल दोरे पडलेले, काही अजून वळवळत होते. नळीनं ओढून सगळे बादलीत काढले, पाणी बदललं. दोन मासे फार खंगले होते, ते गेले. बाकीचे संध्याकाळी खायला वर आले.

ते दोन-तीन आठवडे मी थांबलो. सोपं नव्हतं... समोरून रोज जीपा जायच्या. दुसऱ्या औषधानंतर परत नळी तोंडानं ओढून तळ साफ केला, त्यात टाकीचं पाणी दोनदा तोंडात गेलं. बादलीत माती, शेवाळ, खाद्याचे कण... लाल काहीच नाही. चाचांनी चष्मा पुसून बादली पाहिली आणि म्हणाले, "हात धू. चहा सांगतो."

आपण बिघडवलेलं आपणच थांबून नीट केलं, असं माझ्या हातून पहिल्यांदा झालं. आजही कोणाला सांगितलं की लोक हसतात... हसू द्या.

तांड्यावर जाऊन सगळं सांगितलं तेव्हा याडी हसली नव्हती. तिनं एवढंच विचारलं होतं, "तळ सगळा काढलास ना?"

काढला, याडी.