लग्नासाठी लायसन्स

गोदामात आम्ही त्याला नेटकेबुवा म्हणायचो. त्याने पोत्यांची थप्पी लावली की शेवटपर्यंत रेघ सरळ. एकतीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तेवढ्या काळात त्याने एक पोतं फोडलं नाही की एक काम अर्धवट टाकलं नाही.

पहिली बायको जाऊन बारा वर्षं झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याने पुन्हा लग्न ठरवलं. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईशी. तीही एकटीच. सकाळी गोदामासमोर व्हॅन थांबवून ती चहा प्यायची. पुढचं त्यांचं त्यांनी जमवलं.

आधारकार्डं यायच्या आधीची ही गोष्ट. नोंदणी कचेरीत नोटीस दिली. नव्वद दिवसांत लग्न नोंदवायचं, नाहीतर सगळं पहिल्यापासून. कारकुनाने विचारलं, "लायसन्स?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"गाडी कोण मागतंय, काका? ओळख पटवायला लायसन्स लागतं."

नेटकेबुवाने जन्माचा दाखला आणि गोदामाचं हजेरीकार्ड पुढे केलं.

"यावर फोटो नाही."

"फोटो कशाला? मी स्वतः उभा आहे की."

कारकून हसला, पण कागद परत सरकवले.

लायसन्स म्हणजे गाडी चालवता येते याचा पुरावा. माणूस कोण आहे हे त्यावरून का ठरावं? ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याने काय करायचं? सरकारने ओळखपत्र वेगळं द्यावं, मागेल त्याला द्यावं, असं माझं मत होतं. पण मतासाठी नव्वद दिवस थांबत नाहीत.

बाई म्हणाली, "मी शिकवते. पण गाडीत मी मास्तर. तिथे लाडीगोडी चालणार नाही."

तिच्या भावाची जुनी गाडी, शाळेचं रिकामं मैदान, रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा. नंतर तो गोदामात यायचा आणि आठ तास काम करायचा. एक दिवस खाडा नाही.

चाळिसाव्या दिवशी परीक्षा दिली. सिग्नल लाल झाला. आमच्या दोन दांड्यांच्या ढकलगाडीला ब्रेक नसतो; थांबायचं तर दांड्या खाली टेकवायच्या आणि हात सोडायचे. नेटकेबुवाने स्टिअरिंग खाली दाबलं आणि हात सोडले. गाडी फुटपाथवर चढली. नापास.

बाईने तीन आठवडे एकच घोकून घेतलं, "हात नाही, पाय."

बासष्टाव्या दिवशी ब्रेक बरोबर लागला. पण वळण आलं की तो गाडी मुंगीच्या पावलाने अख्ख्या रस्त्यावरून फिरवायचा. मागे हॉर्नचा गोंगाट. परीक्षेचे साहेब म्हणाले, "अहो, वळा ना."

"झटक्यात वळलं की पोती पडतात, साहेब."

"कुठली पोती?"

पुन्हा नापास. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने डबा न खाता परत नेला. मला म्हणाला, "तिचा वेळ फुकट घालवतोय मी."

दुसऱ्या सकाळी बाई जाऊन मागच्या सीटवर बसली. "मागे पोती नाहीत, मी आहे. पडले तर ओरडेन. वळा."

तीन आठवडे तो वळत राहिला. ती पडली नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी तो पास झाला.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी आम्ही इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत गेलो. कारकुनाने लायसन्सचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाला, "आता साक्षीदार. दोघांची लायसन्स द्या."

बाईच्या भावाने दिलं. दुसरा साक्षीदार मी, आणि लायसन्स माझ्याकडेही नव्हतं. मी भिंतीकडे बघायला लागलो.

नेटकेबुवाचा चेहरा उतरला. बाईने मात्र पदर खोचला, जिना चढली आणि वरच्या मजल्यावरच्या लायसन्सच्या कचेरीतून परीक्षेच्या साहेबांनाच घेऊन खाली आली. साहेबांच्या हातात अर्धा बिस्किटाचा पुडा होता.

कारकुनाने नियमाप्रमाणे विचारलं, "आपण वराला ओळखता?"

"दोनदा नापास केलंय मी यांना," साहेब म्हणाले. "आणखी किती ओळखायचं?"

कारकुनासकट सगळे हसले. माझ्या जागी साहेबांनी सही केली आणि बिस्किटं वाटली. तोंड गोड झालं.

बाहेर आल्यावर बाईने गाडीची किल्ली नवऱ्यापुढे धरली. "चला, न्या आता बायकोला घरी."

"लायसन्स लग्नासाठी काढलं होतं," नेटकेबुवा म्हणाला. "लग्न झालं." आणि दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसला.