नऊ नंबरचा गुडघा

जयमालाएवढी उंच मुलगी आमच्या नागावात दुसरी नव्हती. ती बौद्धवाडीतली. तिची आई इंदूबाई आमच्या पोफळीच्या वाडीत सुपारी सोलायला यायची, म्हणून आम्ही दोघी लहानपणापासून एकमेकींना ओळखत होतो. अलिबागला कॉलेजात गेलो आणि खेळाच्या सरांनी तिच्या हातात बास्केटबॉल दिला. पहिल्या दिवशी चेंडू छातीशी धरून ती सरळ पळतच सुटली, टप्पा टाकायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही हसून हसून लोळलो. तीन महिन्यांत आमची सगळ्यांची तोंडं बंद झाली. मी मात्र बाकावरची, पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी.

तिला एकच हवं होतं. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागावी आणि आईचं सुपारी सोलणं थांबावं.

शेवटच्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात पोचलो आणि नेमका तिचा एक विषय राहिला. नियमाने ती बाद. सर मला म्हणाले, "वल्लरी, तुझं ओळखपत्र तिला दे. प्रमाणपत्रावरच्या नावाचं मी नंतर बघतो." दोघी सावळ्या, दोघींचे केस कापलेले. अंगठ्याएवढ्या फोटोत उंची कुठे दिसते? मी ओळखपत्र दिलं, आणि वर उपकार केल्यासारखी मिरवले.

तर माझ्या नावाने, नऊ नंबरचा टी-शर्ट घालून जयमाला खेळली. मी गॅलरीत इंदूबाईशेजारी. ती बिचारी पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आली होती, ठेवणीतली साडी नेसून. बास्केट झाली की माइकवरून माझं नाव.

"ताई, पोर माझी हाय, मंग नाव तुमचं कशाला घेतात?"

"मावशी, गप्प बसा, सर रागावतील," मी म्हटलं. असं बोलले मी त्या बाईला.

चार मिनिटं उरली असताना जयमाला उडी मारून खाली आली आणि तिचा पाय आत मुडपला. ती ओरडली ते गॅलरीपर्यंत ऐकू आलं. सामना आम्ही जिंकलो. दवाखान्यात सरांनी केसपेपरवर माझंच नाव घातलं, कारण स्ट्रेचरवरून गेली ती कागदोपत्री मीच होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. विद्यापीठाने ते करून दिलं असतं, पण मग त्यांच्या डॉक्टरांपुढे मला जाऊन झोपावं लागलं असतं, धडधाकट गुडघे घेऊन. सर म्हणाले, जरा थांबू. मग सगळे थांबलेच. ऑपरेशन झालं नाही, नाव बदललं नाही, आणि प्रमाणपत्र माझ्या घरी आलं.

मी ते तिला नेऊन देणार होते, खरंच. तेवढ्यात कोट्याची जाहिरात निघाली आणि बाबांनी माझा अर्ज भरला. भरला बाबांनी, पण सही माझी होती. आज अकरा वर्षं मी सरकारी कचेरीत पंख्याखाली बसते आहे. जयमाला काही वर्षं मांडव्याला बोटीच्या तिकीट खिडकीवर होती. पाय सुजायला लागला तसं ते सोडलं. लग्न ठरत आलं होतं, पण मुलाकडच्यांनी तिला अंगणातून चालत येताना पाहिलं आणि नंतर फोन उचलला नाही. आता गावातल्याच एका होमस्टेमध्ये स्टुलावर बसून मासे तळते. इंदूबाई अजून आमच्याकडे सुपारी सोलते.

गेल्या महिन्यात कुणीतरी माझ्याविरुद्ध तक्रार केली की ही बाई कधी खेळलीच नाही. चौकशीच्या साहेबांनी सामन्याचा जुना तक्ता काढला. त्यात होतं, नऊ नंबर, गुडघ्याला दुखापत, मैदानाबाहेर. साहेब म्हणाले, "दवाखान्याचे कागद आणा, विषय संपला."

कागद जयमालाकडे होते. कुठल्या तोंडाने जायचं? पण नोकरी जाणार म्हटल्यावर तोंड सापडतं. गेले. ती बांगडे तळत होती. मी सगळं सांगितलं. तिने गॅस बंद केला, मला घरी नेलं आणि ट्रंकेतून पिशवी काढली. एक्सरे, केसपेपर, सगळ्यावर माझं नाव. तिच्या खेळाचं एवढंच तिच्याकडे उरलं होतं.

"ने. तुझंच नाव आहे."

"जयू, शिव्या तरी घाल गं."

"घालून काय होणार? तुझी नोकरी गेली तर मला मिळणार आहे?" ती खाली बसली, पाय लांब केला. "कुठला गुडघा, माहीत आहे?"

मला आठवेना. बारा वर्षं तिला लंगडताना बघत होते, तरी आठवेना.

"डावा," ती म्हणाली. "चढताना दुखतो, उतरताना जास्त. साहेबांनी विचारलं तर असं सांग. आणि चालताना ध्यानात ठेव."

काल साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दारापासून खुर्चीपर्यंत डावा पाय ओढत गेले. मला माझीच किळस आली, तरी पाय ओढला. साहेब भला माणूस, उठून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"अजून त्रास होतो का हो?"

"चढताना होतो," मी म्हटलं. "उतरताना जास्त."

साहेबांनी पिशवी न उघडताच सही केली.